बाळ ‘काचेत’ पोहोचतं, पण तिथपर्यंतच्या रस्त्याचं आणि नंतरच्या घराचं काय?

विशेष विश्लेषण

गावात कुणाची डिलिव्हरी झाली आणि बाळ लगेच घरी आलं नाही, तर विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळतं, “बाळाला काचेत ठेवलंय.” पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे ऐकलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा. आता लोक लगेच विचारतात, “वजन किती आहे? किती दिवस ठेवणार?” दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ वाचू शकतं, हे खेड्यापाड्यातही लोकांना पटलंय. हा बदल मोठा आहे.

तरीही ही बाळं दगावण्याचं थांबलेलं नाही. काचेची पेटी, म्हणजे वॉर्मर आणि इन्क्युबेटर, जिल्ह्याच्या ठिकाणी आले. पण पाडा-वस्तीपासून त्या पेटीपर्यंतचा रस्ता आणि पेटीतून बाहेर आल्यावरचे घरातले पहिले दीड महिने, या दोन जागा अजून कच्च्या आहेत. कमी दिवसांच्या बाळाचं जगणं-मरणं आज बहुतेक याच दोन ठिकाणी ठरतं.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १६ बाळं पहिला वाढदिवस पाहण्याआधीच गेली. त्यातली ११ तर पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे वर्षाच्या आत जाणाऱ्या दर शंभर बाळांतली जवळपास सत्तर पहिल्या महिन्यातच जातात. देशाचा आकडा त्याच वर्षी हजारी २८ होता आणि त्यातली २० बाळं पहिल्या महिन्यातली होती. देशाशी तुलना केली तर आपलं राज्य पुढे आहे.

पण सरासरी फसवी असते. पुण्या-मुंबईचं बाळ आणि मेळघाटातलं बाळ या आकड्यात एकाच रांगेत मोजलं जातं. धारणीहून अमरावतीला जायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तेही घाटातून. भामरागडहून गडचिरोली त्याहून लांब. धडगाव, अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांना पावसाळ्यात आजही गाडी लागत नाही. शहरात जे अंतर रिक्षाने दहा मिनिटांचं, ते इथे अर्ध्या दिवसाचं होतं.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. म्हणजे ‘बाई दवाखान्यात येत नाही’ ही जुनी तक्रार आता बहुतेक ठिकाणी लागू पडत नाही. बाई येते. प्रश्न असा की कोणत्या दवाखान्यात येते, किती वेळेत येते आणि परत गेल्यावर तिच्या बाळाकडे कोण बघतं.

राष्ट्राध्यक्षाचं बाळही वाचलं नव्हतं

वैद्यकशास्त्र किती पुढे गेलं हे समजायला एक जुनं उदाहरण पुरेसं आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे लवकर. वजन साधारण २ किलो १०० ग्रॅम. फुप्फुसं पूर्ण तयार नव्हती, त्यामुळे श्वास घेता येईना. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पैशाला कमी नव्हतं. तरी बाळ ३९ तासांत गेलं. कारण त्या आजारावर तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता.

आज तेवढ्याच दिवसांचं आणि तेवढ्याच वजनाचं बाळ वेळेत पोहोचलं तर आपल्या जिल्हा रुग्णालयातही बहुतेक वेळा वाचतं. हे एका यंत्राने झालं नाही, एकेक पायरी चढत झालं. १९७१ मध्ये बाळाला सतत हवेचा हलका दाब देऊन फुप्फुसं उघडी ठेवायची पद्धत आली. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी दाखवलं की लवकर कळा सुरू झालेल्या आईलाच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी फुप्फुसांना आतून मऊ ठेवणारा पदार्थ, सर्फॅक्टंट, बाळांच्या श्वासनलिकेत घालून जीव वाचवले.

या तिन्हींपैकी आपल्या तालुक्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे ते आईला द्यायचं इंजेक्शन. ते महागडं नाही, त्याला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही.

‘सातमाशी जगतं, आठमाशी जात’ हा समज सोडा

अजूनही अनेक घरांत म्हातारी माणसं म्हणतात की सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. यात तथ्य नाही. पोटात बाळ जेवढे दिवस जास्त राहील तेवढी त्याची फुप्फुसं, मेंदू आणि आतडी तयार होतात. सातव्यापेक्षा आठव्यातल्या बाळाची जगण्याची शक्यता नेहमीच जास्त.

हा समज निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. ‘आठवा आहे, काही उपयोग नाही’ असं म्हणून घरच्यांनी हात-पाय गाळले, की गाडी शोधायला उशीर होतो आणि पुढच्या दवाखान्यात न्यायला नकार मिळतो. डॉक्टर ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला कमी दिवसांचं म्हणतात. ३४ आठवडे म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेआठ महिने. या बाळासाठी धावपळ केलेली वाया जात नाही.

पहिली जागा: कळा सुरू होतात तेव्हा

सातव्या-आठव्या महिन्यात पोट दर थोड्या वेळाने कडक व्हायला लागलं, कंबर भरून आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणून चालत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान देतात. डेक्सामेथासोनच्या चार मात्रा, बारा-बारा तासांनी. बाळंतपण एखादा दिवस लांबलं तर औषधाला काम करायला वेळ मिळतो. घरात थांबून घालवलेली एक रात्र म्हणजे बाळाच्या फुप्फुसांना मिळू शकली असती ती तयारी गेली.

पोट दुखायला लागलेली बाई उपकेंद्रात आली तर पुढे पाठवण्याआधी पहिली मात्रा एएनएमने द्यावी, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१४ पासून आहे. प्रत्यक्षात किती उपकेंद्रांत हे इंजेक्शन शिल्लक असतं आणि किती सिस्टरना ते द्यायचा आत्मविश्वास असतो, हे प्रत्येक तालुक्यात विचारण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जागेची. बाळ लवकर येणार हे दिसत असेल तर त्याला जन्मानंतर हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असतानाच हलवणं केव्हाही बरं. आईच्या पोटाइतकी सुरक्षित अँब्युलन्स दुसरी नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राने ‘जिल्ह्याला जा’ म्हटलं तर ती टोलवाटोलवीच आहे असं लगेच समजू नये. पण सोबत गाडी, चिठ्ठी आणि पुढच्या दवाखान्याला केलेला फोन, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात.

आदिवासी आणि दुर्गम भागात काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आलेल्या किंवा धोका असलेल्या बाईने आधीच येऊन तिथे राहावं, अशी ती सोय. अनेक ठिकाणी ती रिकामी असते. कारण घरी लहान मुलं, शेळ्या, मजुरी. बाई एकटी येऊन राहिली तर घर कोण बघणार, याचं उत्तर दिल्याशिवाय माहेरघर भरणार नाही.

दुसरी जागा: रस्ता

कमी दिवसांच्या बाळाचा रस्त्यातला सगळ्यात मोठा शत्रू आहे थंडी. अशा बाळाच्या कातडीखाली चरबी जवळपास नसते. अंग गार पडलं की ते ऊब टिकवायला अंगातली साखर जाळतं. साखर संपत आली की बाळ मलूल होतं, ओढून दूध पीत नाही, श्वास मंदावतो. मे महिन्यातसुद्धा हे होतं, कारण मोठ्या माणसाला जी हवा गरम वाटते ती ओल्या, दीड किलोच्या बाळाला थंडच असते.

यावरचा उपाय दवाखान्यातून आलेला नाही, गरजेतून आलाय. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या एका सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. तिथले डॉक्टर एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवतं, म्हणून याला ‘कांगारू काळजी’ म्हणतात.

बरीच वर्षं ही गरिबांची पर्यायी सोय समजली गेली. मग २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅम वजनाची ३,२०० वर बाळं त्यात होती. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच ज्यांना आईच्या छातीवर ठेवलं, त्यांच्यातले मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने कमी झाले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय या अभ्यासात होतं. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर कांगारू काळजी सुरू करावी आणि दिवसातून किमान आठ तास द्यावी. स्वतःहून श्वास घेता न येणाऱ्या किंवा शॉकमध्ये असलेल्या बाळांची गोष्ट वेगळी, त्यांना आधी डॉक्टरांनी सांभाळायचं.

याचा गावासाठी अर्थ सरळ आहे. बाळ गाडीत पाठवायचं असेल तर ते टॉवेलात गुंडाळून आजीच्या मांडीवर नको. अंग पुसून कोरडं करा, डोक्याला टोपी, पायात मोजे, लंगोट आणि बाकी उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून साडी किंवा शाल घट्ट. मान थोडी वर, नाक मोकळं. आई ऑपरेशनमुळे सोबत जाऊ शकत नसेल तर बापाची छाती, मावशीची छाती चालते. अनेक बापे लाजतात. पण दोन-तीन तासांच्या प्रवासात ही एकच ऊब हाताशी असते. आणि जन्मलेल्या बाळाला लगेच अंघोळ घालायची नाही, ते कितीही माखलेलं दिसलं तरी.

गाडीसाठी १०२ आणि १०८ हे दोन नंबर. १०२ गरोदर आई, बाळंतीण आणि आजारी बाळासाठी, १०८ तातडीसाठी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो १ जून २०११ पासून सुरू आहे, सरकारी दवाखान्यात नेणं, पुढच्या दवाखान्यात हलवणं आणि घरी सोडणं हे तिन्ही मोफत आहे. डिझेलला पैसे मागितले तर ते नियमात नाही.

तिसरी जागा: काचेच्या आत

सरकारी रचनेत तीन पायऱ्या आहेत. बाळंतपण होतं त्या प्रत्येक आरोग्य केंद्रात नवजात बाळाचा कोपरा, म्हणजे वॉर्मर आणि श्वास द्यायची पिशवी. ग्रामीण रुग्णालयात बाळाला सावरण्याचा छोटा कक्ष. आणि जिल्हा रुग्णालयात विशेष कक्ष, ज्याला सगळे एसएनसीयू म्हणतात. १,८०० ग्रॅमच्या खालचं किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं बाळ थेट एसएनसीयूचं समजायचं.

अडचण मधल्या पायरीत आहे. ग्रामीण रुग्णालयात वॉर्मर असतो, पण बालरोगतज्ज्ञ नसतो किंवा रात्री नसतो. मग दोन किलोचं, फक्त सावरायची गरज असलेलं बाळही जिल्ह्याला जातं आणि जिल्ह्याचा कक्ष ठासून भरतो. एका वॉर्मरवर दोन बाळं झोपली की एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होतो.

या गर्दीची किंमत काय असते हे राज्याने पाहिलंय. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये आग लागली आणि दहा बाळं गेली. सात बाळांना बाहेर काढता आलं. जी बाळं जगावीत म्हणून तिथे आणली होती, तीच गेली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळं होती. अनेक रुग्ण बाहेरून, अगदी शेवटच्या अवस्थेत आले होते, असं रुग्णालयाकडून तेव्हा सांगितलं गेलं. ते मान्य केलं, तर प्रश्न पुन्हा रस्त्यावर येऊन थांबतो. शेवटच्या अवस्थेपर्यंत ती बाळं कुठे होती?

यंत्र विकत घेतलं की बातमी होते, फीत कापली जाते. पण यंत्राची वायरिंग तपासणं, रात्रपाळीला पुरेशा नर्स ठेवणं, आग लागली तर बाळं कुठल्या दाराने काढायची याची तालीम घेणं, याची बातमी होत नाही. बाळ मात्र याच गोष्टींवर जगतं.

आई-वडिलांनी डिस्चार्जच्या वेळी एक गोष्ट नक्की विचारावी ती डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा चांगला दिसतो, पण वेळ गेली तर कायमचं अंधत्व येतं. जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. अगदीच लहान बाळाची त्याहून आधी. जीव वाचला आणि दृष्टी गेली, असं होऊ नये.

चौथी जागा: घरातले बेचाळीस दिवस

काचेतून बाहेर आलेलं बाळ म्हणजे बरं झालेलं बाळ नव्हे. ते अजून कमी वजनाचंच असतं. इथेच महाराष्ट्राने देशाला रस्ता दाखवला होता, हे आपल्याकडेच फार लोकांना माहीत नाही.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, ऊब द्यायची, श्वास अडकला तर पिशवीने द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि औषध द्यायचं. त्यांना आरोग्यदूत म्हटलं. आधी त्या गावांत हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. त्या गावांत काचेची पेटी नव्हती. होती ती रोज दार वाजवणारी, शिकलेली बाई.

२०११ पासून हीच कल्पना देशभर आशाताईंमार्फत राबवली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने जायचं. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचा ठरलेला मोबदला एका बाळामागे २५० रुपये. जिल्ह्याच्या कक्षात लाखोंची यंत्रं आणि शेवटच्या कडीला अडीचशे रुपये. यंत्रणा कशाला किती किंमत देते, ते इथे दिसतं.

आशाताई येवो न येवो, घरच्यांनी काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. बाळाने दूध ओढणं कमी केलं. रडणं क्षीण झालं. हातपाय ढिले पडले. पोट आणि तळवे गार लागतात. श्वास मिनिटाला साठच्या वर किंवा छाती आत ओढली जाते. तळहात-तळपाय पिवळे दिसतात. झटके, ताप किंवा बेंबीतून पू. यातलं एकही दिसलं तर दृष्ट काढत बसायची वेळ नाही, थेट दवाखाना.

खायला-प्यायला फक्त आईचं दूध. ओढता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. पहिला चीक फेकायचा नाही. मध, गुटी, साखरपाणी, गाईचं दूध काही नको. बेंबीला तेल, हळद, राख काही लावायचं नाही. पोट फुगलं म्हणून चटके देण्याची रीत काही भागांत अजून आहे. दीड किलोच्या बाळाला तो चटका म्हणजे जंतुसंसर्गाचं उघडं दार. आणि कांगारूची पद्धत घरीही चालू ठेवायची, बाळ स्वतः वळवळ करून नको म्हणेपर्यंत.

खर्चाच्या भीतीने पाऊल मागे घेऊ नका

आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधं, तपासण्या आणि रक्त जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. आधी ही सोय तीस दिवसांपर्यंत होती, नंतर ती एक वर्षापर्यंत वाढवली. सरकारी कक्षात जागा नाही म्हणून खासगीत जायची वेळ आली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणारं रुग्णालय आधी विचारा. नवजात बाळांचे काही उपचार त्यात येतात. त्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन पैसे भरण्याआधी त्याला भेटायचं. बैल विकून, सावकाराकडे जाऊन मग चौकशी करणारे अनेक जण आहेत, तोवर उशीर झालेला असतो.

बाळ गेलं तर

सगळं वेळेत करूनही काही बाळं जातात. त्यानंतर गाव काय बोलतं, हाही आरोग्याचाच विषय आहे. ‘हिनेच जड उचललं’, ‘हिची पावलंच वाईट’, ‘ग्रहणात बाहेर गेली’. कमी दिवसांचं बाळंतपण अनेक कारणांनी होतं. अंगात रक्त कमी, रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळं, कोवळं वय, शेवटपर्यंतची मजुरी. बऱ्याचदा तर कारण सापडतही नाही. यातलं बहुतेक त्या बाईच्या हातात नसतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायकांतल्या जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आहेत, हे त्याच कुटुंब पाहणीने सांगितलंय. दोष द्यायचाच तर तो लग्न ठरवणाऱ्यांकडे जातो.

बाळ गेल्यावरही तिला दूध येतं. छाती भरून दुखते, ताप येतो, आणि हे कुणाला सांगायचं ते तिला कळत नाही. तीही बाळंतीण आहे. तिला विश्रांती, जेवण, लोहाच्या गोळ्या आणि तपासणी लागते. बाळ नाही म्हणून आठव्या दिवशी तिला शेतावर पाठवणारी घरं कमी नाहीत. पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवून, आधीचं बाळ लवकर झालं होतं हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण अशा बाईला पुन्हा तसं होण्याचा धोका जास्त असतो.

आणि एक काम घरच्या पुरुषांचं. बाळ तासभर जरी जिवंत राहिलं असेल तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. दवाखान्यात गेलं तर नोंद तिथून होते. घरी गेलं तर ग्रामपंचायतीत सांगावं लागतं, २१ दिवसांच्या आत, फी नाही. ‘नाव पण ठेवलं नव्हतं, कशाला नोंद’ असं म्हणून बहुतेक घरं ते सोडून देतात. बंग दांपत्याच्या पुढाकाराने २००१ मध्ये आलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने नेमकं हेच दाखवलं होतं की सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बाळं प्रत्यक्षात जातात.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

बाळाचा प्रश्न हा बायकांचा, घरातला प्रश्न समजून ग्रामसभेत कुणी काढत नाही. पाणंद रस्ता, घरकुल, विहीर यावर तासन्‌तास बोलणं होतं. त्यातली दहा मिनिटं याला दिली तर पाच प्रश्न पुरेसे आहेत.

आपल्या उपकेंद्रात आईला द्यायचं इंजेक्शन आज शिल्लक आहे का? रात्री दोन वाजता १०२ किंवा १०८ ला फोन केला तर गाडी किती वेळात येते, आणि नाही आली तर गावातली कुठली गाडी जाणार? ग्रामीण रुग्णालयातला बाळाचा कक्ष रात्री चालू असतो का? गावातल्या आशाताईकडे चालू वजनकाटा आणि थर्मामीटर आहे का, तिचा मोबदला वेळेवर येतो का? आणि गेल्या वर्षभरात आपल्या गावात किती बाळं गेली, त्यातल्या किती जणांची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच गावांत गावाला आठवतं तेवढं आणि वहीत लिहिलेलं, असं दोन वेगळ्या आकड्यांत मिळेल. जे बाळ वहीत नाही, त्याच्यासाठी गाडी, नर्स किंवा इंजेक्शन मागायला आधार राहत नाही. वरचा अधिकारी वहीच बघतो. त्यामुळे मागणी कुठून सुरू करायची, याचं उत्तर ग्रामपंचायतीच्या त्या वहीतच आहे.